श्रोत्यांच्या मनातले वामनदादा

लोककलावंत काळाच्या पडद्याआड गेला की त्याच्यावर लेख लिहिले जातात. जन्मगाव, रचनांची संख्या, मिळालेले मानसन्मान यांची नोंद होते. एखाद्या रस्त्याला वा सभागृहाला त्याचे नाव दिले जाते. जन्मशताब्दी आली की पुन्हा चार कार्यक्रम होतात. परंतु ज्यांच्यासाठी तो आयुष्यभर गात राहिला, त्या श्रोत्यांकडे मात्र कोणी फिरकत नाही. वास्तविक लोकगायकाचा निम्मा ठेवा त्याच्या श्रोत्यांपाशी असतो. हा श्रोता गेला की तो निम्मा ठेवाही जातो, आणि त्याची कुठे वार्तासुद्धा होत नाही. लोकशाहीर वामनदादा कर्डक यांच्या बाबतीत नाशिक जिल्ह्यात नेमके हेच घडत आहे.

नाशिकरोडच्या एका वसाहतीत असेच एक जुने श्रोते राहतात. प्रेसमधून, म्हणजे नोटा छापणाऱ्या सरकारी मुद्रणालयातून, निवृत्त झाल्याला त्यांना बराच काळ लोटला. वयाची सत्तरी त्यांनी केव्हाच ओलांडली आहे. त्यांच्या घरी पत्र्याच्या जुन्या पेटीत लाल कापडात बांधलेल्या चार वह्या आहेत. वर्षानुवर्षे वामनदादांच्या कार्यक्रमांना बसून, कधी तिथेच गुडघ्यावर वही ठेवून, तर कधी घरी परतल्यावर पहाटे आठवून आठवून उतरवून घेतलेली गाणी त्यांत आहेत. कोणत्या गावी ऐकले, कोणत्या जयंतीला ऐकले, सोबत कोण होते, हेही समासात टिपलेले आहे. कोणी ओळखीचे घरी आले तर ते वह्या दाखवितात. मात्र 'या वह्यांचे पुढे काय?' असा प्रश्न निघाला की ते गप्प होतात. मुले नोकरीनिमित्त दूर आहेत. नातवंडांना गाणी ठाऊक आहेत. पण ती भ्रमणध्वनीवर ऐकलेली.

या एका घरातला प्रश्न साऱ्या नाशिकचा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार करण्यासाठी आधी वामनदादा कोण होते हे नीट समजून घ्यावे लागेल.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी या खेड्यात झाला. घरची परिस्थिती हलाखीची. शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणगावच्या चाळींत दिवस काढले, मिळेल ते काम केले. तेथे कोणीतरी त्यांच्या हाती पत्र दिले आणि वाचून दाखवायला सांगितले. आपल्याला ते वाचता येत नाही, याची त्या तरुणाला विलक्षण लाज वाटली. त्या लाजेतून त्यांनी अक्षरे गिरवायला घेतली, आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते वाचायला शिकले. पुढे १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले. त्यानंतर मात्र ही लेखणी थांबली नाही. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' हे गीतसंग्रह आणि 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन ही त्यांची छापील संपत्ती. पण त्यांच्या हजारो रचनांपैकी फार थोड्याच ग्रंथांत आल्या. उरलेल्या लोकांच्या कंठात गेल्या. १९९३ साली वर्धा येथे भरलेल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. अक्षरशत्रू म्हणून आयुष्याला आरंभ केलेला माणूस साहित्य संमेलनाध्यक्षाच्या आसनावर बसला, एवढी एकच घटना त्यांच्या कर्तृत्वाची साक्ष द्यायला पुरेशी आहे. १५ मे २००४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले.

गाण्याचे सामर्थ्य नाशिकला नवे नाही. गोविंद त्र्यंबक दरेकर म्हणजेच कवी गोविंद हे याच शहराचे. दोन्ही पायांनी अधू असलेला, आरंभी लावण्या रचणारा हा माणूस मित्रमेळ्याच्या सहवासात आला आणि त्याच्या वाणीतून स्वातंत्र्याची गीते उमटू लागली. ती गीते छापून प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. परकीय सत्तेला गाण्याची भीती वाटली, ती उगाच नव्हे. ही कथा नाशिकच्या घराघरांत अभिमानाने सांगितली जाते.

याच नाशिकची दुसरी कथा तितक्या मोकळेपणाने सांगितली जात नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात अग्रभागी होते. वर्षानुवर्षे चाललेल्या त्या सत्याग्रहाला मंदिराचे दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या धामधुमीच्या काळात भीमराव कर्डक यांच्यासारखे जलसाकार गावोगाव फिरून गाण्यांतून आणि वगांतून समाज जागा करीत होते. सत्याग्रह सुरू झाला तेव्हा देशवंडीच्या छोट्या वामनला आठवे वर्ष लागले होते. ज्या मातीत त्याचे बालपण गेले, त्या मातीत दार बंद झाल्याचा आवाज आणि जलशाच्या ढोलकीचा आवाज एकाच वेळी घुमत होता. पुढच्या पाच-सहा दशकांतले त्याचे गाणे समजून घ्यायचे असेल, तर हे दोन्ही आवाज ध्यानात घ्यावे लागतात.

वामनदादांचे कार्यक्रम नाट्यगृहांत क्वचितच झाले असतील. त्यांचे रंगमंच म्हणजे वस्तीतले पटांगण, चावडीपुढची जागा, समाजमंदिराचा ओटा किंवा दोन बैलगाड्या जोडून केलेली बैठक. चौदा एप्रिलची भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, कोणाच्या घरचे लग्न अथवा पुण्यानुमोदन, असे निमित्त असे. नाशिकरोडच्या त्या वृद्ध श्रोत्यांनी त्यांना पहिल्यांदा ऐकले ते साठच्या दशकात, सिन्नर भागातल्या आपल्या गावी. गॅसबत्तीचा उजेड, बांबूला टांगलेला कर्णा, खाली गोणपाटे आणि घोंगड्या. आसपासच्या खेड्यांतून माणसे भाकरी बांधून पायी आलेली. पेटी, ढोलकी आणि कोरस देणारे चार जण एवढीच साथ. रात्री जेवणे आटोपल्यावर कार्यक्रमाला आरंभ व्हायचा आणि कोंबडे आरवेपर्यंत चालायचा. मुले आईच्या मांडीवर झोपी जात, मध्येच जागी होऊन एखादे कडवे ऐकत आणि पुन्हा झोपत. कितीतरी गाणी अशी अर्ध्या झोपेत पाठ झाल्याचे ते सांगतात.

त्या रात्रींचे एक शास्त्र होते. प्रथम वंदना होई. मग बाबासाहेबांच्या जीवनावरची गीते. मध्यरात्र उलटली, श्रोते पेंगू लागले, की विनोदी चालीची, घरसंसारावरची गाणी निघत आणि माणसे हसून जागी होत. कधी दोन गायन पार्ट्यांचा सामना असे. एकाने गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचे. आवडलेल्या गाण्याला श्रोत्यांमधून बक्षीस येई, आणि देणाऱ्याचे नाव रुपया-दोन रुपयांसह कर्ण्यावरून पुकारले जाई. ज्या माणसाला गावात कोणी नावाने हाक मारीत नसे, त्याचे नाव त्या रात्री चार गावांच्या लोकांपुढे आदराने घेतले जाई. त्या दोन रुपयांचे मोल रुपयांत करता येणार नाही.

या श्रोत्यांच्या आई निरक्षर होत्या. १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडण्याच्या कामावर जात. तळपत्या उन्हात हातोडा चालविताना बायकांच्या रांगेत एकीने वामनदादांचे गाणे धरायचे आणि बाकीच्यांनी ते ओढून न्यायचे, असे चाले. आईला गाण्यातले चौथे कडवे आठवेना, म्हणून मुलाने ते वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली. त्या वह्यांचा आरंभ असा झाला. अक्षर न शिकलेल्या आईच्या स्मरणासाठी शिकलेल्या मुलाने लेखणी उचलली. शाळेच्या पायरीपर्यंत न पोहोचलेल्या कवीच्या गाण्याने एका घरात लेखनाची सवय लावली, असेही म्हणता येईल.

वामनदादांच्या गाण्यात भक्तिभाव होता, परंतु ते निव्वळ गुणगान नव्हते. देशाच्या संपत्तीत श्रमिकाचा हिस्सा किती, असा हिशेब ते मोठमोठ्या उद्योगपतींची नावे घेऊन मागत. दारूने उद्ध्वस्त होणारे घर, शाळेत न जाणारी मुले, आपापसांत भांडणारे पुढारी, हे सारे त्यांच्या गाण्यात येई. अनुयायांची संख्या अफाट आहे, पण बाबासाहेबांच्या मताला घट्ट धरून राहणारे मोजकेही सापडत नाहीत, ही खंत त्यांनी आपल्याच समाजापुढे उभे राहून, आपल्याच माणसांच्या जयंतीच्या मंडपात गायिली. टाळ्यांच्या गजरात आरसा दाखविण्याचे धैर्य फार थोड्यांपाशी असते. त्या गाण्यानंतर मंडपात टाळ्या पडत नसत, काही क्षण शांतता असे, अशी आठवण हे वृद्ध श्रोते सांगतात. अशाच एका रात्री दारूवरचे गाणे ऐकून शेजारी बसलेल्या चुलत्यांनी मान खाली घातल्याचे त्यांनी पाहिले. चुलत्यांची दारू त्या रात्री सुटली नाही. दोन वर्षांनी सुटली. 'गाण्याने माणूस लगेच बदलत नाही, पण गाणे त्याच्या मागे लागते,' असे ते म्हणतात. कोणत्याही चळवळीच्या कार्यकर्त्याने मनाशी धरून ठेवावे, असे हे वाक्य आहे.

वामनदादा गाण्याच्या अखेरच्या कडव्यात आपले नाव गुंफीत. संतांच्या अभंगांतील नाममुद्रेची ही जुनी रीत. छापखाना आणि हक्कांचे कायदे ज्याच्या वाट्याला आले नाहीत, त्या कवीची ती सही. परंतु तोंडोतोंडी फिरणाऱ्या गाण्याचे अखेरचे कडवे अनेकदा गळते आणि कवीचे नावही त्यासोबत जाते. त्या चार वह्यांचे खरे महत्त्व येथे ध्यानात येते. एकच गाणे दोन गावी ऐकले तर त्यात काय पालटले, कोणते कडवे वाढले, कोणता शब्द स्थानिक बोलीला जवळचा म्हणून आला, हे त्यांत दिसते. गाणे लोकांपुढे कसे घडत गेले, याचा हा जिवंत इतिहास आहे. विद्यापीठातील संशोधकाला तो ग्रंथालयात मिळणार नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. वामनदादांची गाणी ध्वनिफितींवर आली, आता ती यू-ट्यूबवरही ऐकता येतात. मग हरवले काय? याचे उत्तर सोपे आहे. ध्वनिमुद्रण आवाज जतन करते, सभा जतन करीत नाही. कोणत्या ओळीवर बायका पदराने डोळे पुसत, कोणत्या कडव्याला मागच्या रांगेतले तरुण उठून उभे राहत, कोणते गाणे पुन्हा पुन्हा मागितले जाई, हे ध्वनिफीत सांगत नाही. लोकगायन ही देवघेव आहे. तिच्यातली एकच बाजू जपून ठेवली, तर अर्धे पान फाडून टाकलेले पुस्तक जपल्यासारखे होईल. कीर्तनाचे, भारुडाचे, पोवाड्याचेही हेच आहे. आज उत्सव कोणाचाही असो, गणेशोत्सव असो की जयंती, ध्वनिवर्धकांच्या भिंतींपुढे माणसे नाचतात. ऐकत कोणी नाही. गायन पार्ट्यांचे मानधन परवडत नाही असे सांगणारी मंडळे त्या भिंतींचे भाडे मात्र बिनतक्रार मोजतात. ज्यांनी रात्ररात्र बसून ऐकले, त्यांची पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे, आणि तो बोलून दाखविला जात नाही. वामनदादा हे एका समाजाचे, एका चळवळीचे गायक होते. इतरांनी त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असा तो आहे. या प्रश्नाकडे मध्यमवर्गीय नाशिकने प्रामाणिकपणे पाहायला हवे. गोदाकाठी वसंत व्याख्यानमालेला नेमाने जाणारे, कुसुमाग्रजांच्या कविता पाठ म्हणणारे, शास्त्रीय संगीताच्या मैफलींना आवर्जून हजेरी लावणारे हे सुसंस्कृत शहर. त्याच शहरात, तेथून दोन-चार मैलांवर, एक थोर कवी रात्ररात्र गात होता. ते गाणे ऐकायला या रसिकांपैकी किती जण गेले? कोणी मज्जाव केला नव्हता. तिकीट नव्हते. पत्रिका मात्र घरी आली नव्हती, आणि आपण न बोलाविता जावे असे कोणाला वाटले नाही. त्या चार वह्यांच्या समासात सोबत आलेल्या कितीतरी जणांची नावे आहेत. त्यांत वस्तीबाहेरचे नाव क्वचितच सापडते. वृद्ध श्रोते हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. प्रेसमध्ये शेजारच्या यंत्रावर पंचवीस वर्षे काम केलेल्या मित्राला आपण हे गाणे ऐकायला कधी नेले नाही, याची खंत ते स्वतःकडे घेतात. मनाचा हा मोठेपणा ऐकणाऱ्याला अंतर्मुख केल्याशिवाय राहत नाही.

१९३० साली दार बंद होते आणि ते कोणी बंद केले हे सर्वांना ठाऊक होते. त्यानंतरच्या काळातले अंतर मात्र कोणी ठरवून राखले नाही. ते आपोआप राखले गेले. म्हणूनच ते अधिक चिवट ठरले. समरसतेविषयी पुष्कळ बोलले जाते. तिची पहिली अट एकमेकांची गाणी ठाऊक असणे ही आहे. शेजारच्या घरात कोणते गाणे म्हणून मुलांना झोपविले जाते, कोणत्या गाण्याला त्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे डोळे भरून येतात, हे ज्याला माहीत नाही, त्याने त्या घराशी बंधुत्वाच्या गोष्टी बोलाव्यात हे तितकेसे शोभत नाही.

मात्र या वाटेवर एक मोह टाळला पाहिजे. थोर माणूस निवर्तल्यावर त्याला आपल्या चौकटीत बसविण्याची घाई सर्वच पक्षांना आणि संघटनांना होते. वामनदादांनी बाबासाहेबांचा मार्ग स्वीकारला, बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि जुन्या व्यवस्थेवर कठोर शब्दांत प्रहार केले. त्यातले सोयीचे तेवढे घ्यायचे आणि बोचणारे गाळायचे, हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांचे गाणे ऐकायचे तर ते पुरते ऐकावे लागेल, बोचणाऱ्या कडव्यांसह. ज्या समाजाने आपल्यावरची टीका स्वतःच्याच गायकाच्या तोंडून मंडपात बसून ऐकली, त्याच्याकडून इतरांनी निदान ऐकून घेण्याची शिस्त तरी शिकावी.

तर मग करायचे काय? काम मोठे नाही, पण ते लवकर करावे लागेल. नाशिक, सिन्नर, येवला, निफाड, मनमाड या भागातल्या वस्त्यावस्त्यांत असे वृद्ध श्रोते आजही आहेत. महाविद्यालयीन तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ काढून त्यांच्याकडे जावे. सोबत ध्वनिमुद्रणाची सोय असावी. ती आता प्रत्येकाच्या खिशात आहे. भाषण देण्यासाठी जाऊ नये, ऐकण्यासाठी जावे. पहिले गाणे कुठे ऐकले, कोणासोबत ऐकले, कोणते गाणे आई म्हणत असे, असे साधे प्रश्न विचारावेत. वह्या, जुनी गीतपुस्तिका, कार्यक्रमाची पत्रके असतील, तर मालकाच्या संमतीने त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि मूळ वस्तू त्याच्याच घरी राहू द्यावी. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय नाशिकला लाभले आहे. अशा आठवणींसाठी तेथे किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक कपाट मिळणे अशक्य नाही. आणि या साऱ्या कामाचे सूत्र त्या वस्त्यांतल्याच जाणत्या मंडळींच्या हाती असावे. बाहेरून येणाऱ्यांनी हातभार लावावा, नाव लावू नये.

कुटुंबांनाही यात वाटा उचलता येईल. घरात मुलांना कवी गोविंदांची गोष्ट सांगितली जाते, ती सांगितलीच पाहिजे. तिच्या शेजारी देशवंडीच्या त्या मुलाची गोष्टही सांगावी, ज्याने दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरे वेचली आणि हजारो माणसांच्या ओठांवर गाणी ठेवली. एकाच जिल्ह्याने दिलेले हे दोन गायक आहेत. एकाने परकीयांची बेडी दाखविली, दुसऱ्याने आपणच आपल्या माणसांच्या पायांत घातलेली बेडी दाखविली. पहिली तुटली. दुसरी पुरती तुटली असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

दर वर्षी १५ मे रोजी नाशिकरोडचे ते वृद्ध श्रोते पेटी उघडतात, लाल कापड सोडतात आणि वहीतले एक गाणे स्वतःशीच म्हणतात. पूर्वी त्या दिवशी चार-पाच सोबती जमत. मग दोन उरले. गेल्या काही वर्षांपासून ते एकटेच असतात. दार त्यांनी उघडेच ठेवलेले असते. येत्या १५ मे रोजी त्या दारातून, आणि तशाच इतर दारांतून, दोन-चार तरुण आत जाऊन बसले, तर त्या वह्यांचे पुढे काय, या प्रश्नाला उत्तर मिळेल.